दिनेश आता बाहेरच्यांशी बोलत नाही

आमच्या ऑफिसात दिनेश नावाचा माणूस कधीच नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. देवळाली प्रवरातल्या निम्म्या लोकांना हे अजून पटलेलं नाही.

होता तो एक काळा डबा. लोखंडी रॅकमध्ये बसलेला, हिरवा दिवा लुकलुकवणारा. त्याचं काम साधं. तुम्ही मोबाईलवर एखाद्या साईटचं नाव टाकता, पण ती साईट कुठल्या नंबरवर राहते हे मोबाईलला माहीत नसतं. तो डीएनएस सर्व्हरला विचारतो, सर्व्हर पत्ता सांगतो आणि मग तुमचं पान उघडतं. नवख्या गावात एसटीतून उतरल्यावर आपण टपरीवाल्याला विचारतो ना, अमक्याचं घर कुठंय, तसंच. हे इतकं झटपट होतं की त्या बिचाऱ्याची कुणाला आठवणही राहत नाही.

ही इंटरनेट कंपनी माझ्या सासऱ्यांची, आप्पासाहेबांची. आधी त्यांचा केबल टीव्ही होता, मग त्याच खांबांवरून नेट आलं. मी पुण्यात नेटवर्कचीच नोकरी करत होते. लग्न होऊन इकडे आले आणि हळद उतरायच्या आत कंपनीची तांत्रिक बाजू माझ्या गळ्यात पडली. नवरा हर्षल खांब, वायरी आणि गिऱ्हाइकं बघतो. डबे मी बघते. माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला वाटतं डब्यांनाही.

‘दिनेश’ हे नाव मात्र माझ्या आधीचं. आप्पांकडे तेव्हा अजिनाथ कामाला होता, तिकडच्या जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा. त्याचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला इकडे यायचे. एका वर्षी ते परत गेले आणि हा आप्पांकडेच राहिला. केबलच्या दिवसांपासून खांबावर तोच चढायचा, आणि त्याचं ताट आप्पांच्या शेजारीच असायचं. सर्व्हर बसवायला पुण्याहून इंजिनिअर आला. तो घाईघाईत सारखा ‘डीएनएस, डीएनएस’ म्हणत होता. अजिनाथनं ऐकलं ‘दिनेश’, आणि मार्करनं डब्यावर मोठ्या अक्षरात तसंच लिहून ठेवलं. इंजिनिअर पोट धरून हसला. आप्पांना मात्र नाव आवडलं.

“नाव आसलं म्हंजी जबाबदारी येती,” ते म्हणाले.

इंजिनिअरनं विचारलं, याने कुणाकुणाला उत्तरं द्यायची? आप्पा म्हणाले, “इचारील त्याला.” झालं, दार सताड उघडं. वर आप्पांनी दिनेशचा नंबर ऑफिसच्या भिंतीवर ऑईलपेंटनं रंगवून घेतला आणि खाली लिहिलं, ‘नेट अडलं? दिनेशला विचारा!’ यात्रेत लोक पाणपोई घालतात, तशी ही आप्पांची पाणपोई. राहुरीची पोरं, श्रीरामपूरचे दुकानदार, कोण कोण आपापल्या कॉम्प्युटरला दिनेशचा नंबर टाकून बसले होते. त्यातले निम्मे आमचे गिऱ्हाईकसुद्धा नव्हते. मी आल्यापासून कानीकपाळी ओरडत होते की हे दार बंद करा. आप्पा म्हणायचे, “करू की.” आमच्याकडे ‘करू की’ म्हणजे काय, ते सांगायला नको.

मग एका सोमवारी मेल आली. आमची लाईन ज्या मोठ्या कंपनीकडून येते, तिची. तुमचा डीएनएस सर्व्हर साऱ्या जगाला उघडा आहे, त्याचा वापर करून परदेशातल्या कुठल्याशा कंपनीवर मारा चालू आहे, शुक्रवारपर्यंत बाहेरच्यांसाठी तो बंद करा, नाहीतर तुमची लाईन आम्ही बंद करू. लाईन बंद म्हणजे अख्ख्या देवळालीचं नेट बंद. पतसंस्था, दवाखाने, संध्याकाळच्या मालिका, सगळं. आणि मग सगळं गाव आमच्या दारात.

मी मेल छापून आप्पांच्या पुढ्यात आपटली.

“आपन कुनाचं काय वाईट केलं?” आप्पांनी विचारलं. “इचारलं त्याचं उत्तर दिलं. त्यात मारा कसला?”

“आप्पा, समजा एखाद्या टवाळखोरानं बँडवाल्याला फोन केला. म्हणाला, मी आप्पासाहेब बोलतोय, सकाळी माझ्या दारात वाजवायला या. असे पंचक्रोशीतले सगळे बँड सांगितले. ते आले आणि तुमच्या दारात एकदम वाजवायला लागले. बँडवाल्यांची चूक काय? दिलेल्या पत्त्यावर गेले. पण तुमच्या घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईल का?”

आप्पांनी डोळे बारीक केले. “म्हंजी हे भामटे दिनेशला इचारनार, आन् उत्तर दुसऱ्याच्याच दारात पाठवायला लावनार?”

“प्रश्न एवढासा, उत्तर एवढं मोठं. आणि असे उघडे दिनेश जगभर हजारो.”

“आन् आपलं येडं जातं वाजवत.”

“जातं वाजवत.”

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, जिंकले. म्हटलं, “मग आज दुपारीच बंद करते. आपली गिऱ्हाइकं तेवढी घरची, बाकी सगळं जग बाहेरचं.”

आप्पा उठता उठता थांबले. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, “आज नगं. उद्या बघू.”

मंगळवारी ते म्हणाले, अमावास्या आहे. बुधवारी म्हणाले, वारा सुटलाय, लाईट जाईल, मध्येच काही बिघडलं तर? सर्व्हरला बॅटरी आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी अशी काही तडकले की हर्षल स्कूटर घेऊन नसलेली तक्रार सोडवायला निघून गेला.

जाण्याआधी त्यानं एक काम मात्र केलं. बाहेरच्या लोकांना आधी कळवून ठेव, असं मी त्याला सांगितलं होतं. त्यानं कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलं: ‘सूचना. शुक्रवारपासून दिनेश बाहेरच्यांशी बोलणार नाही. तो फक्त घरच्यांशी बोलेल. कृपया सहकार्य करावे.’

लोकांनी सहकार्य केलं. दुपारपर्यंत फोन थांबेनात. दिनेशला झालंय काय? कुणी अपमान केला का? मुलगी बघायचं चाललंय का? श्रीरामपूरच्या एका मोबाईल दुकानदारानं तर आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, दिनेश तुमच्याकडून सुटला असेल तर आमच्याकडे पाठवा. पोरगा हुशार आहे असं ऐकून आहे.”

तिसऱ्या प्रहरी कडूबाई आल्या. आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

“कुठं हाय दिनेश?”

“कडूबाई, दिनेश म्हणजे माणूस नाही हो...”

“तू गप बस. लई तापट हाईस तू, मला ठावं हाय. लेकराला कायतरी बोलली आसशील, म्हनून त्यानं बोलनं टाकलं. आमच्या पार्थच्या परीक्षेच्या टायमाला किती उत्तरं दिली त्यानं. मी सोता बघितलंय.”

मी हात जोडले आणि त्यांना आत नेलं. रॅकपुढं उभं करून डब्यावरचं नाव वाचून दाखवलं. कडूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. हिरवा दिवा जीव खाऊन लुकलुकत होता.

“ह्योच?”

“हाच.”

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर वैतागतील. त्यांनी पदरानं हात पुसला आणि डब्याच्या माथ्यावर ठेवला.

“आगं बया! आंग बघ केवढं तापलंय त्याचं.”

तापलंच होतं. जगभरच्या भामट्यांचे प्रश्न झेलून झेलून डबा चटका देत होता.

“कुनाकुनाशी बोलत आसतो गं ह्यो?”

“साऱ्या जगाशी, कडूबाई.”

“मंग बंद कर ते. घरच्यांशी बोलला तरी लई झालं. लेकरू दमलंय.” एवढं बोलून त्यांनी भाकरी तिथंच रॅकवर ठेवली आणि गेल्या. संध्याकाळी ती हर्षलनं खाल्ली. मी मात्र सुखावले. गावात निदान एक बाई तरी माझ्या बाजूनं होती.

गुरुवार उजाडला. आता हाती एकच दिवस. आप्पा रोजच्यासारखे सकाळी चहाचा कप घेऊन मोठ्या स्क्रीनपुढं बसले. दिनेशला विचारलेल्या प्रश्नांच्या ओळी त्या स्क्रीनवर सरसर वर सरकत असतात. ते रोज तिथं बसतात. मी समजत होते, म्हाताऱ्याला धंदा चाललेला बघायला आवडतं.

“आप्पा, उद्या लाईन तोडतील. आता मी काही ऐकणार नाही.”

“थांब जरा. आला न्हाई आजून.”

“कोण आला नाही?”

आप्पांची नजर स्क्रीनवरच. चहावर साय धरली. मग वर सरकणाऱ्या ओळींत एक नाव आलं. अजिनाथ ऑनलाईन सेंटर, खर्डा. कुणीतरी त्या दुकानाच्या साईटचा पत्ता विचारत होतं.

“आला,” आप्पा म्हणाले. “उघडलं दुकान.” आणि गार चहा एका घोटात संपवला.

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. अजिनाथचं लग्न खर्ड्याला होतं. त्यानं आप्पांसाठी वडिलांच्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, फेटा बांधणाऱ्याला थांबवून ठेवलं होतं. नेमकं त्याच सकाळी पाटाच्या कामावरच्या जेसीबीनं आमची मुख्य केबल तोडली. आप्पा चिखलात उभे राहिले आणि लग्न लागून गेलं. अजिनाथ रुसला. लग्नानंतर कामावर परत आलाच नाही. तिथंच ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. तो आला नाही म्हणून आप्पा रुसले. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. पण अजिनाथनं दुकानातल्या कॉम्प्युटरला सवयीनं दिनेशचाच नंबर टाकला होता. तो दुकान उघडायचा, त्याचा पहिला प्रश्न इतका प्रवास करून देवळालीला यायचा, आणि आप्पांना कळायचं की पोरगं धडधाकट आहे.

“मागं पाऊसकाळात दोन-तीन दिस आला न्हाई,” आप्पा म्हणाले. “मला जेवन ग्वाड लागंना. मंग आला. जुलाब झालं आसत्याल.”

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यावर मला जे येतं तेच आलं, राग.

“अहो, मग फोन करा की! साध्या माणसासारखा फोन करा!”

“त्यानं करावा. मी थोरला हाय.”

“आणि तो काय म्हणत असेल? मी नवरदेव होतो.”

“म्हनत आसंल. आडमुठं हाय ते.” आणि हे सांगताना आप्पांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की माझा रागच विरला.

त्या दुपारी मी खूप खटपट केली. घरच्यांच्या यादीत खर्ड्याचा एक नंबर घालायचा, एवढंच तर काम होतं. पण अजिनाथची लाईन दुसऱ्या कंपनीची, तिचा नंबर रोज बदलायचा. आज एक, उद्या भलताच. एकट्या अजिनाथसाठी दार उघडं ठेवायचं तर त्याच्याबरोबर हजारो अनोळखी आत येणार, आणि दार ज्यांच्यासाठी बंद करायचं तेच ते. दुसरी वाट होती. खर्ड्याच्या दुकानापासून आमच्या सर्व्हरपर्यंत एक खासगी रस्ता बांधता येतो, कुलूपकिल्लीचा. पण त्याची अर्धी जोडणी तिकडून करावी लागते. म्हणजे कुणीतरी अजिनाथशी बोलायला हवं, आणि सगळा घोळ तर तिथंच होता.

चार वाजत आले तेव्हा आप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“जमंना व्हय?”

“नाही जमत, आप्पा.”

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही. “कर बंद. एका मानसापायी गावाचं नेट घालवायचं न्हाई.” आणि गॅलरीत जाऊन, खाली उसाचे ट्रॅक्टर जात होते ते बघत उभे राहिले.

मी नियम लिहिला. आमची गिऱ्हाइकं घरची, बाकी सारे बाहेरचे. बाहेरच्यांना उत्तर नाही. एक बटण दाबलं. हिरवा दिवा, इतके दिवस पिसाटल्यासारखा लुकलुकणारा, शांत झाला. थोड्या वेळानं डब्याला हात लावून पाहिला. गार. आल्यापासून ज्या कामासाठी भांडत होते ते झालं होतं, आणि मला जराही आनंद झाला नाही.

शुक्रवारी सकाळी मोठ्या कंपनीची मेल आली, धन्यवाद, लाईन चालू राहील. मी ती कुणाला वाचून दाखवली नाही. आप्पा येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. कप घेऊन त्याच खुर्चीत बसले. दिनेश ज्यांना आता नाकारत होता, त्यांच्या ओळी स्क्रीनवर लाल रंगात येत होत्या, अख्ख्या जगाच्या. मी त्यांना त्या दुकानाच्या नावाची चाळणी लावून फक्त खर्ड्याची ओळ दिसेल असं करून ठेवलं होतं. कशाला ठेवलं, मला विचारू नका.

स्क्रीन रिकामा. आप्पा बसलेले. मग लाल ओळ आली. अजिनाथ ऑनलाईन सेंटर, नाकारलं.

“आला,” आप्पा म्हणाले.

लगेच दुसरी ओळ. नाकारलं. मग तिसरी. मग थोडं थांबून आणखी एक.

“पुन्हा इचारतोय.”

“आप्पा, त्याला दिनेशच्या जागी दुसरा नंबर टाकायला मिनिट लागत नाही.”

“लागत न्हाई. मला त्यानंच शिकवलंय ते.”

“मग बदलत का नाही?”

लाल ओळी येतच राहिल्या. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुकानात आल्यावर माणूस गिऱ्हाइकाचा फॉर्म उघडेल, बातम्या उघडेल, भाव बघेल. स्वतःच्याच दुकानाची साईट, म्हणजे स्वतःचीच पाटी, रोज सकाळी कोण वाचतं? तो ते पान उघडत होता ते कुणीतरी इकडे बघत असेल म्हणून. हे आप्पांना सांगायला मी वळले, तर आप्पांनी फोन आधीच काढला होता. हात लांब धरून, मान मागं घेऊन, एका बोटानं नाव शोधत होते. लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे रिंग सगळ्या ऑफिसनं ऐकली.

“हॅलो,” पलीकडून आवाज आला.

हर्षल दारात उभा राहिला तो तिथंच राहिला. स्क्रीनवरच्या ओळी थांबल्या.

“अजिनाथ,” आप्पा म्हणाले, “दिनेश आता भाईरच्यांशी बोलत न्हाई.”

“कळलं आप्पा. कवाधरनं इचारायलोय. न्हाईच म्हणायलाय. मला वाटलं, माझंच बंद केलं तुमी.”

“तुझं एकट्याचं कामून करीन? साऱ्या जगाचं केलंय. सूनबाईनं केलंय.”

मी मनात म्हटलं, घ्या माझ्यावर.

“मंग आता काय करायचं?” अजिनाथनं विचारलं.

“काय करायचं म्हंजी? बंदी दिनेशला घातलीय. मला कुटं घातलीय? मला इचार की.”

“तुमाला काय इचारू?”

“काय बी इचार.”

खर्ड्याच्या दुकानात कुणीतरी उत्पन्नाचा दाखला मागत होतं. अजिनाथनं त्याला उत्तर दिलं नाही. एक मोटारसायकल गेली. मग अगदी बारीक आवाजात प्रश्न आला.

“च्या झाला का, आप्पा?”

आप्पांच्या हातात कप तसाच भरलेला होता. एवढ्या वेळात दिनेशनं गावभरच्या लोकांना उत्तरं दिली असती. आप्पांना वेळ लागला. त्यांनी कप टेबलावर ठेवला, चष्मा काढला, फोन तोंडाजवळ आणला.

“न्हाई,” ते म्हणाले. “तू ये. मंग घेऊ.”